घरातली माहिती घरात ठेवायची तर: सोशल मीडिया आवरण्याचा नीट क्रम

बहुतेक लोक एखाद्या रविवारी फेसबुक प्रोफाइल लॉक करतात, जुने दहा-बारा फोटो उडवतात आणि काम झालं असं समजतात. पुढे कधीतरी त्यांचाच डीपी लावून कुणीतरी नातेवाइकांकडे पैसे मागतं. मग शोध घेतल्यावर लक्षात येतं की फोटो आत्याच्या स्टेटसवरून गेला होता, नंबर सोसायटीच्या ग्रुपमधून उचलला होता आणि जन्मतारीख वाढदिवसाच्या बॅनरवर छापलेलीच होती.

चूक दोन ठिकाणी होते. एक म्हणजे क्रम उलटा असतो: खात्याचा ताबा पक्का नसताना लोक फोटो पुसत बसतात. दुसरी म्हणजे हे काम एकट्याच्या फोनवर होतं. माहिती घराची असते आणि ती घरातल्या प्रत्येक फोनमधून बाहेर जाते. म्हणून खालचे टप्पे सगळ्या घरासाठी आहेत आणि दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. एका बैठकीत उरकायची घाई नको. दोन-तीन संध्याकाळी लागल्या तरी चालेल, पण पहिला टप्पा अर्धवट सोडून उठू नका.

सेटिंग्जमधल्या पर्यायांची जागा ॲपच्या अपडेटनुसार इकडेतिकडे होत असते. एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत त्याचं नाव टाका.

## पूर्वतयारी: हात लावण्याआधी यादी

एक वही घ्या. फोनमधल्या नोट्सपेक्षा कागद बरा, कारण यात खात्यांची माहिती येणार आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: कोणकोणत्या ॲपवर खातं आहे, ते कोणत्या मोबाइल नंबरावर आहे, कोणत्या ईमेलवर आहे, आणि तो नंबर व ईमेल आज चालू आहे का. पासवर्ड मात्र या यादीत लिहू नका.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बंद केलेला नंबर कायमचा मरत नाही. कंपनी तो किमान ९० दिवस बाजूला ठेवते आणि नंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमचं जुनं फेसबुक किंवा जीमेल खातं त्या नंबराला जोडलेलं राहिलं, तर पासवर्ड बदलण्याचा ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जाईल.

त्यानंतर स्वतःकडे बाहेरून बघा. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (म्हणजे आपलं खातं लॉग-इन नसलेल्या खासगी खिडकीत) तुमचं पूर्ण नाव आणि गाव टाकून शोधा, मग मोबाइल नंबर टाकून शोधा. मुलांच्या नावाने, आई-वडिलांच्या नावाने हेच करा. शिवाय संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपला नंबर आणि ओटीपी टाकून आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहा. अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नसल्याची नोंद तिथेच करता येते.

इशारा: या पायरीवर काहीही डिलीट करू नका. कुणी त्रास देत असेल तर तोच पुरावा असतो, आणि मुलांच्या लहानपणीचे काही फोटो केवळ फेसबुकवरच उरलेले असतात. ते आधी संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

## टप्पा १: खात्याचा ताबा पक्का करा

सुरुवात व्हॉट्सॲपपासून, कारण घरातल्या प्रत्येकाकडे ते आहे आणि आजी-आजोबांच्या फोनवर तर तेच सगळं काही आहे.

१. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन उघडा आणि सहा अंकी पिन लावा. नंतर तिथेच ईमेलही जोडा. ईमेल न जोडता पिन विसरला तर तो नव्याने लावण्यासाठी सात दिवस थांबावं लागतं.

२. लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तिथे आपण न जोडलेला ब्राउझर किंवा संगणक दिसला तर लगेच लॉग आउट करा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडून आलो, हा प्रकार फार घरांत सापडतो. तुमचा फोन खिशात असतानाही तिकडे तुमचे मेसेज उघडत राहतात.

३. चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय कुणालाही न वाचता येणारी चॅटची प्रत, चालू आहे का ते बघा. तो आपोआप चालू असेलच असं गृहीत धरू नका. त्याचा पासवर्ड हरवला तर बॅकअपही गेला, तेव्हा तो जपून ठेवा.

आता फेसबुक, इन्स्टाग्राम आणि जीमेल. तिन्हींचे पासवर्ड वेगवेगळे हवेत आणि तिन्हींवर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, हवं. शक्य असेल तर एसएमएसऐवजी तो कोड फोनवरच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरा. मग लॉग-इन असलेल्या उपकरणांची यादी उघडून विकलेले, दुरुस्तीला दिलेले, भाच्याला देऊन टाकलेले जुने फोन काढा. यातलं जीमेल विसरू नका. ते ज्याच्या हाती गेलं त्याला बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात.

नेहमी होणारी चूक: पिन म्हणून जन्मतारीख. दुसरी चूक वडीलधाऱ्यांच्या फोनवर होते. मुलगा पिन लावून देतो आणि पुण्याला निघून जातो. व्हॉट्सॲप तो पिन अधूनमधून विचारतं, आणि तेव्हा आईला तो आठवत नाही. मग ती शेजारच्या मुलाकडे फोन नेते. म्हणून पिन आईलाच ठरवू द्या, चार वेळा टाकून घ्या आणि तो कुणालाही फोनवर सांगायचा नाही हेही तेव्हाच सांगा.

इशारा: आता चोर केवळ ओटीपी मागत नाहीत. ‘हा आठ अक्षरी कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका, मग फोटो दिसेल’ असं सांगतात. तो कोड टाकला की त्यांचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. काही जण ‘चांदणी ४०१ चांदणी’ने (*401*) सुरू होणारा नंबर डायल करायला सांगतात. तो कॉल फॉरवर्ड करण्याचा कोड आहे, आणि व्हॉट्सॲपचा ओटीपी कॉलवरूनही येतो. कुणाच्याही सांगण्यावरून कोड टाकायचा नाही आणि डायलही करायचा नाही.

तपासणी: घरातल्या प्रत्येक फोनवर लिंक्ड डिव्हायसेसची यादी रिकामी किंवा ओळखीची आहे? वहीतल्या प्रत्येक खात्याला चालू नंबर जोडलेला आहे? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे.

## टप्पा २: कोणाला काय दिसतं ते ठरवा

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो, अबाउट, लास्ट सीन आणि ग्रुप्स हे चारही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवा. ग्रुप्सचा पर्याय लोक सोडून देतात आणि मग गुंतवणुकीचे, लॉटरीचे ग्रुप आपोआप गळ्यात पडतात. पण ‘माय कॉन्टॅक्ट्स’ म्हणजे जवळची माणसं असा समज करून घेऊ नका. त्यात गॅस सिलिंडरवाला, जुना घरमालक, प्लॉटचा एजंट, एकदाच आलेला इलेक्ट्रिशियन असे सगळेच असतात, आणि मुलांचे फोटो असलेलं स्टेटस त्या सगळ्यांना दिसतं. स्टेटससाठी ‘ओन्ली शेअर विथ’ निवडून पंधरा-वीस जणांची यादी करा. एकदा केली की ती तशीच राहते.

फेसबुकवर पायऱ्यांचा क्रम असा ठेवा:

१. आधी मित्रयादी विरळ करा. ज्यांना रस्त्यात ओळखणार नाही ते काढा. एकाच माणसाच्या नावाने दोन खाती दिसली तर त्याला फोन करून विचारा. बहुधा त्यातलं एक बनावट असतं.

२. मित्रयादी कोणाला दिसावी, तिथे ‘ओन्ली मी’. बनावट खातं काढणारा पहिल्यांदा हीच यादी उतरवून घेतो, कारण पैसे मागायचे ते याच लोकांकडे.

३. फोन नंबर आणि ईमेलवरून तुम्हाला कोण शोधू शकतं, तिथेही ‘ओन्ली मी’.

४. टॅग रिव्ह्यू आणि टाइमलाइन रिव्ह्यू चालू करा, म्हणजे दुसऱ्याने लावलेला टॅग तुमच्या होकाराशिवाय तुमच्या पानावर येणार नाही.

५. जन्मतारखेतलं वर्ष लपवा. खरं तर पूर्ण तारीखच लपवावी असं माझं मत आहे. ज्यांना शुभेच्छा द्यायच्या असतात त्यांना तारीख माहीत असते.

६. शेवटी प्रोफाइल लॉक. फेसबुकने ही सोय भारतात २०२० साली दिली. ती कामाची आहे, पण तिने फक्त परके बाहेर राहतात. यादीतले आठशे ‘मित्र’ आतच असतात, म्हणून विरळणी आधी आणि कुलूप नंतर.

इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट केलं तरी आधीचे फॉलोअर तसेच राहतात. ते एकेक करून काढावे लागतात. नाव, डीपी आणि बायो प्रायव्हेट खात्यातही सगळ्यांना दिसतात, तेव्हा बायोत शाळेचं नाव, इयत्ता किंवा वाढदिवस नको. टेलिग्रामवर फोन नंबर ‘नोबडी’ आणि नंबरावरून शोधण्याचा पर्याय ‘माय कॉन्टॅक्ट्स’. स्नॅपचॅट वापरणाऱ्या मुलांच्या फोनवर स्नॅप मॅपमध्ये घोस्ट मोड, म्हणजे नकाशावर मूल कुठे आहे ते इतरांना दिसत नाही.

एक गोष्ट या ॲपांच्या बाहेरची, पण इथेच करून टाका. मोबाइल नंबर हाच तुमचा यूपीआय पत्ता असेल, तर तो नंबर पेमेंट ॲपमध्ये टाकणाऱ्या कुणालाही बँकेत नोंदलेलं तुमचं नाव दिसतं. विक्रीच्या जाहिरातीत, सार्वजनिक ग्रुपमध्ये द्यायला वेगळा नंबर ठेवता आला तर उत्तम.

तपासणी: आपल्या मित्रयादीत नसलेल्या कुणाच्या तरी फोनवर आपलं प्रोफाइल उघडून बघा. सेटिंग्जमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा त्या फोनवर काय दिसतं ते खरं.

## टप्पा ३: जुनं साठलेलं आवरा

फेसबुकवर ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ नावाचं एक बटण आहे. जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट त्याने एका दमात फक्त मित्रांपुरत्या होतात. बहुतेकांनी ते दाबावं. फक्त एक ध्यानात ठेवा: हा बदल एका दमात उलटा फिरवता येत नाही. व्यवसायाच्या पोस्ट पब्लिकच राहायला हव्या असतील तर नंतर एकेक बदलावी लागेल.

मग ॲक्टिव्हिटी लॉग (तुम्ही फेसबुकवर केलेल्या सगळ्या गोष्टींची नोंद) उघडा आणि वर्षानुसार मागे जा. सगळं वाचत बसू नका, नाहीतर २०१४ च्या आठवणींत रात्र जाईल. चार प्रकारच्या गोष्टी शोधा: कागदपत्रांचे फोटो, मुलांचे फोटो, घराचा पत्ता किंवा दर्शनी भाग दिसणारे फोटो, आणि रोजच्या वेळा उघड करणाऱ्या पोस्ट. जे पुन्हा बघावंसं वाटेल ते अर्काइव्हमध्ये, बाकी ट्रॅशमध्ये. ट्रॅशमधलं ३० दिवसांनी आपोआप जातं.

इथे हमखास सुटणाऱ्या जागा सांगतो. जुन्या डीपी आणि कव्हर फोटोंचे अल्बम, कारण त्यातल्या प्रत्येक फोटोचा प्रेक्षक वेगळा असू शकतो. इन्स्टाग्रामचे हायलाइट्स. बातम्यांच्या पानांवर आणि सार्वजनिक ग्रुपांत केलेल्या कॉमेंट. प्रोफाइल लॉक केल्याने त्या झाकल्या जात नाहीत. ‘आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला पण पाणी नाही, दुसऱ्या मजल्यावर राहतो’ अशी कॉमेंट सगळ्या जगाला दिसत असते.

आणि गुगल मॅप्सवरचे रिव्ह्यू. ही जागा जवळपास कुणीच तपासत नाही. मुलाच्या पाळणाघराला पाच तारे, घराजवळच्या दवाखान्याला चार, क्लासच्या सरांचं कौतुक, आणि हे सगळं स्वतःच्या पूर्ण नावाने. तुमच्या नावावर टिचकी मारली की सगळे रिव्ह्यू एका खाली एक दिसतात, आणि त्यावरून कुटुंबाचा आठवडा मांडता येतो. मॅप्समधलं प्रोफाइल रिस्ट्रिक्टेड करा आणि मुलांशी जोडलेले रिव्ह्यू काढून टाका.

इशारा: टॅग काढला म्हणजे फोटो निघाला असं नाही. तो टाकणाऱ्याच्या पानावर तसाच राहतो. फोटो काढायला त्या माणसालाच सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, हे सहाव्या टप्प्यात आहे.

## टप्पा ४: कागद, निकाल आणि बायोडाटा

आपल्याकडे सगळ्यात जास्त माहिती फोटोंतून जात नाही, ग्रुपमध्ये टाकलेल्या कागदांतून जाते. त्यामुळे या टप्प्याला वेळ द्या.

निकाल. दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिकेचा स्क्रीनशॉट अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपांत फिरतो. महाराष्ट्रात बोर्डाचा ऑनलाइन निकाल बघायला दोन गोष्टी लागतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. त्या स्क्रीनशॉटवर दोन्ही असतात. टक्के सांगा, पेढे वाटा, मुलाचा हसरा फोटो हवा तर जवळच्यांना पाठवा. गुणपत्रिका मात्र कुणाला दाखवायची गरज नसते. क्लासवाले फलकावर आणि फेसबुकवर फोटो, पूर्ण नाव आणि गुण लावतात. ‘आडनाव आणि फोटो नको’ असं प्रवेश घेतानाच लेखी सांगून ठेवा.

लग्नाचा बायोडाटा. एका पानात एवढी माहिती देणारा दुसरा कागद नसेल. वर गणपती, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, देवक. मग शिक्षण, कंपनीचं नाव, पगार. मग आई-वडिलांची नावं, भावाचं लग्न झालंय का, मामांचं आडनाव आणि गाव, शेती किती, राहता पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. ‘आईचं माहेरचं आडनाव’ हा खात्याच्या सुरक्षेसाठी विचारला जाणारा जुना प्रश्न, आणि मामांच्या ओळीत त्याचं उत्तर छापलेलं असतं. ही पीडीएफ एका वधू-वर ग्रुपमध्ये पडली की दहा ग्रुपांत जाते, आणि लग्न होऊन मूल झालं तरी फिरत राहते.

म्हणून बायोडाटा दोन भागांत करा. पहिला भाग ग्रुपसाठी: नाव, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, अपेक्षा आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा नंबर. मुलीचा स्वतःचा नंबर या भागात कधीही नको. दुसरा भाग, म्हणजे पत्ता, पगार, नातेवाईक आणि पत्रिकेसाठीची जन्मवेळ, समोरच्या घराशी प्रत्यक्ष फोनवर बोलणं झाल्यावर त्यांनाच पाठवा. फोटो पीडीएफमध्ये चिकटवू नका, वेगळे द्या. फोटोवर कोपऱ्यात ‘फक्त अमुक कुटुंबासाठी’ असं लिहिलं तर पुढे ढकलणारा जरा थबकतो, आणि फिरलाच तर कुठून फिरला ते कळतं. लग्न ठरल्यावर वधू-वर मंडळांना आणि लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांना नोंद काढायला सांगणं हा साखरपुड्याच्या कामांच्या यादीतलाच एक आकडा समजा.

आधार. लॉजवाल्याला, ब्रोकरला, सोसायटीच्या ऑफिसला व्हॉट्सॲपवर पूर्ण आधार पाठवू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. आधारचं बायोमेट्रिक कुलूपही लावून ठेवा, म्हणजे तुमचे बोटांचे ठसे कुणाला वापरता येणार नाहीत. लागेल तेव्हा ते तात्पुरतं उघडता येतं. व्हॉट्सॲपवर पाठवून गेलेलं सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवसच मिळतात, हे लक्षात असू द्या.

तिकीट आणि बोर्डिंग पास. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडतं. ‘दुबईला निघालो’ म्हणताना पासचा फोटो नको.

फोटोतलं स्थळ. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन टॅग बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली स्थळाची नोंद निघून जाते, पण दर्जा टिकावा म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर ती तशीच जाते.

तपासणी: फोनच्या गॅलरीत ‘आधार’, ‘पॅन’, ‘मार्कशीट’ असं शोधा. जे सापडेल ते कोणत्या ग्रुपमध्ये गेलंय ते आठवून वहीत लिहा.

## टप्पा ५: मुलांचे फोटो

मुलांचा एकही फोटो टाकू नका, असं मी सांगणार नाही. नियम एवढाच धरा: चेहरा, पूर्ण नाव आणि ठिकाण या तीन गोष्टी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे वडिलांचं नावही त्यात आलंच. शाळेचा गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र, स्कूलबसचा थांबा, सोसायटीची पाटी, हे सगळं ठिकाण सांगतं. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापुढे उभं करून काढलेला फोटो घरच्या अल्बममध्ये सुंदर दिसतो. तो तिथेच राहू द्या.

अंघोळीचे, उघड्या अंगाचे, रडतानाचे, आजारपणातले फोटो कुठेच नको, अगदी घरच्या ग्रुपमध्येही नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला फोटो टाकण्याआधी विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर टाकू नका. आपला शब्द मानला जातो हे त्याला घरात कळलं, तर बाहेर कुणी फोटो मागितल्यावर नाही म्हणणं त्याला जमेल.

कायद्याचा आधार कुठवर पुरतो तेही माहीत हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचं बंधन संस्थांवर आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कुणी व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या बाहेर आहे, आणि जी माहिती आपणच जाहीर केली तीही बाहेर. म्हणजे मामाने टाकलेल्या फोटोसाठी हा कायदा धावून येणार नाही. शाळेला मात्र लेखी विचारा: स्नेहसंमेलनाचे फोटो कोणत्या पानावर जातात, नावासकट जातात का, आणि आमच्या मुलाचे नको असतील तर कुणाला सांगायचं?

मोठ्या मुलांच्या फोनवर चोरून नजर ठेवू नका. ते दुसरं खातं काढतात आणि तुम्हाला कळतही नाही. इन्स्टाग्रामवर १८ खालच्या मुलांसाठी टीन अकाउंट आहे. ते मुळातच प्रायव्हेट असतं, आणि १६ खालच्यांना त्यातली बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. खातं काढताना खरं जन्मवर्ष टाकलं असेल तरच हे लागू होतं, आणि अनेक मुलांची खाती आई-बाबांनीच वय वाढवून काढून दिलेली असतात. ते आधी दुरुस्त करा.

## टप्पा ६: घरच्यांशी बोला

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. सेटिंग्ज बदलायला पाच मिनिटं लागतात, पण काकूला फोटो काढायला सांगायचं म्हणजे जिवावर येतं. मग लोक मोठ्या ग्रुपवर एक रागीट मेसेज टाकतात आणि नाती बिघडतात.

ग्रुपवर बोलू नका, ज्याने टाकलं त्याला एकट्याला फोन करा. आधी कारण सांगा, मग नेमकं काय हवं ते सांगा. उदाहरणार्थ: ‘काकू, बारशाचे फोटो खूप छान आलेत. पण बाळाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख दिसतेय त्यात, म्हणून तो पाळण्याचा फोटो तेवढा फेसबुकवरून काढाल का? मी तुम्हाला सगळे फोटो मोठे करून पाठवते.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आजी-आजोबांना, काकूंना नातवंडांचे फोटो हवे असतात आणि ते हक्काने हवे असतात. त्यांच्यासाठी गुगल फोटोजमध्ये एक शेअर्ड अल्बम करा, लिंक शेअरिंग बंद ठेवा आणि माणसं एकेक करून जोडा. पुण्यातल्या आजीला आणि अमेरिकेतल्या मावशीला तिथे रोज नवं काही मिळालं की स्टेटसला टाकायची ओढ पुष्कळ कमी होते.

घरात ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. घराला कुलूप असेपर्यंत प्रवासाचे फोटो नाहीत. गणपतीला कोकणात गेलात तर विसर्जन करून परत आल्यावर टाका. आजारपण, ॲडमिशन, नोकरी जाणं, घरातलं भांडण, यातली बातमी ज्याची त्यानेच द्यायची. आणि एक घरगुती खुणेचा शब्द ठरवा. अडचणीत आहे म्हणून कुणाचा नव्या नंबरावरून फोन किंवा आवाजाचा मेसेज आला, तर तो शब्द विचारायचा आणि जुन्या नंबरावर स्वतः फोन लावायचा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता सहज होते, त्यामुळे आवाज ओळखला एवढ्यावर पैसे पाठवू नका.

तपासणी: हे ठरलेलं आजी-आजोबांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. ‘हो हो, कळलं’ यावर समाधान मानू नका.

## टप्पा ७: गडबड झालीच तर

घाबरून लोक पहिल्यांदा ब्लॉक करतात. ब्लॉक केलं की समोरचं खातं दिसेनासं होतं आणि पुरावाही हातचा जातो. क्रम असा ठेवा:

१. स्क्रीनशॉट काढा. त्यात प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. बनावट खात्याचं नाव बदलतं, लिंकवरून ते ओळखता येतं.

२. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं. इथे मिनिटं मोजली जातात, पुढच्या पायऱ्या नंतर.

३. ॲपमध्येच तक्रार करा: ‘माझ्या नावाने खातं चालवतायत’ हा पर्याय निवडा. मित्राच्या नावाचं असेल तर तसा वेगळा पर्याय असतो.

४. मग ओळखीच्यांना सांगा: ‘माझ्या नावाने दुसरं खातं आहे, पैसे देऊ नका.’ सोबत लिंक किंवा फोटो पसरवू नका.

५. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना असा अधिकारी भारतात ठेवावा लागतो. तोतयेगिरी आणि खासगी किंवा मॉर्फ केलेल्या (फेरफार करून बनवलेल्या) फोटोंच्या तक्रारींसाठी त्यांना दिलेली मुदत तासांत मोजली जाते, दिवसांत नाही.

६. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची माहिती पोर्टलवर नाव न देताही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी ही कलमं ओळख चोरणं आणि तोतयेगिरीसाठी, तर ६६-ई खासगीपणाच्या भंगासाठी आहे. अर्जात कलमं लिहिणं सक्तीचं नाही, पण माहीत असलेली बरी.

खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर एक रुपयाही देऊ नका. पहिला हप्ता दिला की दुसरा मागितला जातो. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि १८ खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवा आहेत. त्यांत फोटो कुणाकडे जात नाही, तुमच्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. घरातल्या मुलीवर किंवा मुलावर ही वेळ आली तर ‘तू पाठवलासच कशाला’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. तो ऐकला की ती पुढचं काहीच सांगणार नाही.

इशारा: लहान मुलाचा आक्षेपार्ह फोटो ‘सावध राहा’ म्हणूनही पुढे पाठवू नका. तो जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. लिंक नोंदवा, तक्रार करा, १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनची मदत घ्या.

तक्रार केल्यावर मिळालेला क्रमांक वहीतल्या त्याच पानावर, खात्याच्या नावापुढे लिहून ठेवा. कंपनीच्या अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्यासाठी तो क्रमांक, आलेल्या उत्तराची प्रत आणि पहिल्या पायरीतले स्क्रीनशॉट जोडावे लागतात.